उपाशी अक्षर

लग्न होऊन तलवाड्याला आले, तेव्हा सासरच्या उंबऱ्याच्या वरच्या फळीवर लिहिलेलं होतं, 'पेंटर आश्रुबा, सर्व प्रकारचे बोर्ड रंगवून मिळतील.' अक्षर इतकं उभं आणि इतकं अरुंद, की आधी वाटलं फळीला कुणी काड्या चिकटवल्यात. मी सातवी शिकलेली. तरी वाचायला वेळ लागला, आणि मी तिथंच मान वर करून उभी राहिले म्हणून सासूबाई रागावल्या. माप ओलांडायचं सोडून सून बोर्ड वाचत बसली, हे त्या मरेपर्यंत सांगत होत्या.

नवऱ्याला मी पेंटरच म्हणते. नाव घेत नाही. घ्यायची गरजही पडत नाही, कारण निम्म्या जिल्ह्यातल्या भिंतींच्या उजव्या कोपऱ्यात ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं आहे.

त्यांच्या अक्षराचं आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यानंच झाला. पूर्वी बोर्डावर बोरूच्या वळणाचं अक्षर काढायचे. कुठं जाड, कुठं बारीक, शेवटाला शेपटी. दिसायला देखणं, पण जागा फार खायचं. आमच्याकडं दुकान चार हात रुंद असतं आणि त्याचं नाव असतं 'न्यू बालाघाट क्लॉथ सेंटर व मॅचिंग.' शिवाय मालकाला नाव मोठं पाहिजे, रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला बसल्या जागी वाचता आलं पाहिजे. रुंदी तर शेजारचा वाढू देत नाही. राहिली उंची. म्हणून पेंटरांनी अक्षराच्या शेपट्या छाटल्या, जाड-बारीक काढून टाकलं, सगळी रेघ एकाच रुंदीची केली, आणि मग अक्षराच्या दोन्ही बरगड्या धरून ते आत दाबलं. 'व' आणि 'ब' यांचं पोट तांदळाच्या दाण्याएवढं राहिलं. काना मुळातच काडी, त्याला काही करावं लागलं नाही. ज्याच्या नावात काने जास्त ते गिऱ्हाईक त्यांना फार आवडायचं. पण 'ट', 'ठ', 'ड', 'ह' अशी नुसतं अंग असलेली अक्षरं आली, की त्यांचं जेवणावरचं लक्ष उडायचं. ताटात भाकरी तशीच, आणि हे मला बोटानं 'ठ' दाखवताहेत. दुसऱ्या बायकांचे नवरे काय काय करतात, माझा 'ठ'वर बोलतो, एवढं समाधान मी मानून घेतलं होतं.

बोर्ड मात्र धडाधड मिळत गेले. दुकानं, पिठाच्या गिरण्या, ऊसतोड मुकादमांच्या ट्रकचे फाळके, लग्नाच्या कमानी. धारूरपासून कड्यापर्यंत पेंटरांचं अक्षर उभं राहिलं. सगळ्यात जास्त मागणी निवडणुकीत. सहकारात माणूस एकटा कधीच उभा राहत नाही, पॅनल उभं राहतं, आणि भिंत तर एकच असते. एका भिंतीवर अख्खं पॅनल बसवावं तर पेंटरांनीच, असं लोक म्हणायचे. ते ऐकून पेंटर मान खाली घालून हसायचे आणि घरी येऊन मला तेच पुन्हा सांगायचे.

माझ्या मायला, चंद्रभागाबाईला, अक्षर ओळखता येत नाही. तिनं एकदा आमच्या दुकानातला ओला बोर्ड बराच वेळ बघितला आणि विचारलं, "जावईबापू, हे जेवलं न्हाई का वो?" तेव्हापासून त्याला बाजारात उपाशी अक्षर म्हणायला लागले. पेंटर पुढं कित्येक दिवस सासूशी धड बोलत नव्हते.

हे झालं आधीचं. आता सत्त्याऐंशीचा उन्हाळा. दोन वर्षं पाऊस असा नव्हताच. ऊस शेतातच वाळला आणि आमच्या भागातल्या कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटला नाही. कारखान्याचं पूर्ण नाव मी इथं लिहीत नाही. त्यात एक देव आहे, एक दिवंगत पुढारी आहे, शेतकरी आहे, सहकारी आहे आणि शेवटी मर्यादित आहे. ते लिहीत बसले तर टँकरपर्यंत पोचायचीच नाही. बॉयलर बंद होता, पण संचालक मंडळाची बैठक एकदाही चुकली नाही. बैठकीला ऊस लागत नाही, चहा-फरसाण लागतं.

माझी माय राहायची डोंगराच्या अंगाला, खडकवस्तीवर. माझे दोन्ही भाऊ आणि भावजया दिवाळी झाली तसे कोयता घेऊन दूरच्या कारखान्यावर ऊस तोडायला गेले होते. अख्खी वस्तीच गेलेली. मागं राहिल्या म्हाताऱ्या, त्यांच्या गळ्यात नातवंडं, आणि थोडी शेरडं. विहिरीनं होळीच्या आधीच तळ दाखवला. मग माय पहाटे नदीत जायची, वाळूत झिरा उकरायची आणि त्यात पाझरेल ते पाणी वाटीनं कळशीत भरायची. एका कळशीला सकाळ जायची. दुसरी भरायची तर झिऱ्यावर दुसरी म्हातारी बसलेली असायची. बाजारला येणाऱ्या प्रत्येकाजवळ तिचा एकच निरोप असे, की कारखान्याचा टँकर कधी येणार ते गीताला, म्हणजे मला, विचारून या.

कारण कारखान्यानं टँकर द्यायचं ठरवलं होतं. साखर काढून झाल्यावर जो काळा, चिकट पाक उरतो, त्याला मळी म्हणतात. ती वाहून न्यायचा कारखान्याचा एक टँकर रिकामा उभा होता. त्यातून डोंगरावरच्या वस्त्यांना पिण्याचं पाणी द्यायचं, पहिली फेरी खडकवस्तीची, असा ठराव झाला. ही बातमी पेंटरांनीच घरी आणली. ते खूश, कारण टँकर रंगवायचं काम त्यांना मिळालं होतं. मी खूश मायच्या कळशीसाठी. दोघंही त्या दिवशी पोटभर जेवलो, आणि माझं म्हणाल तर तेवढाच आनंद त्या टँकरानं मला दिला.

टँकरवर कारखान्याचं नाव टाकायचं, एवढंच आधी ठरलं होतं. चेअरमन धोंडीराम आप्पा म्हणाले, त्याखाली चेअरमनचं नाव असावं, म्हणजे लोकांना कुणाकडं जायचं ते कळतं. व्हाइस चेअरमन भगवानरावांनी विचारलं, मग लोकांनी व्हाइसकडं यायचंच नाही का. तिथून गाडी घसरली. संचालक सतरा. प्रत्येकाचं म्हणणं, की पाणी सगळ्यांच्या वतीनं चाललंय तर नावंही सगळ्यांची गेली पाहिजेत. आडनावं गाळायला मात्र कुणाची हरकत नव्हती, कारण सतरा जणांत आडनावं तीनच होती.

पेंटरांनी सतरा ओळी एकाखाली एक मांडून दाखवल्या. पण टँकर गोल. वरच्या ओळी आभाळाकडं तोंड करून बसल्या आणि खालच्या पोटाखाली गेल्या. वरची नावं पाखरं वाचणार आणि खालची कुत्री, असं एका संचालकानं भर बैठकीत ऐकवलं, आणि ज्यांची नावं पोटाखाली यायची असे सहा-सातजण ताबडतोब त्याच्या बाजूनं उभे राहिले. शेवटी ठरलं की सगळी नावं एका ओळीत, टँकरच्या बरोबर मध्यावर, सारख्या उंचीची. आणि दोन्ही अंगांना, कारण कुठल्या अंगानं गावकरी बघतील याचा भरवसा नाही.

एका ओळीत सतरा माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला वीतभर रुंदी, आणि उंचीला मात्र टँकरचं सगळं अंग मोकळं. दुसऱ्या कुणाही पेंटरनं हात जोडले असते. आमच्या पेंटरांचे डोळे चमकले. रात्रंदिवस वीतभर रुंद आणि दोन हात उंच नावं कागदावर काढत बसले. अक्षर आजवर उपाशी होतं, आता ते मरायलाच टेकलं. दोन अक्षरांच्या मध्ये बोट जाणार नाही एवढी जागा, दोन नावांच्या मध्ये दोन बोटं. लांबून बघितलं तर टँकरला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून बांधल्यासारखं दिसायचं. पेंटर म्हणाले, जवळ जाऊन नीट वाचलं की लागतंय. मी म्हटलं, जवळ कळशी घेऊन बाया येतील, त्यांना वाचता येत नाही. त्यावर ते म्हणाले की अक्षर समजायला वाचता यावं लागत नाही.

'पिण्याचे पाणी' हे शब्द कुठं टाकायचे, असं पेंटरांनी आप्पांना विचारलं होतं. आप्पा म्हणाले, पाणी बाहेर आलं की दिसतंच, ते लिहून कशाला जागा घालवायची. तेव्हा ते राहिलं.

मग आडवी आली शिडी. टँकरच्या वरच्या झाकणापर्यंत चढायला बाजूला एक लोखंडी शिडी असते. ती बरोबर भगवानरावांच्या नावावर येत होती. 'भ' तिच्या एका उभ्या दांड्याआड, 'वा' दुसऱ्या. भगवानराव म्हणाले, हे मुद्दाम आहे. पेंटरांनी नाव सरकवून बघितलं, तर शिडीखाली दुसरं नाव आलं, आणि ते गृहस्थ भगवानरावांपेक्षा तापट. शेवटी वेल्डरला बोलावून शिडीच कापून टाकली. तिचे चट्टे घासून गुळगुळीत केले. पेंटर म्हणाले, आता कुठं अंग मोकळं झालं.

आता टँकरच्या आत काय होतं ते ऐका. मागच्या हंगामातली मळी. तळाला वीतभर थर, आंबून फसफसलेला. शहादेव म्हणून कारखान्यात एक गडी होता. दर वर्षी वरच्या झाकणातून आत उतरून टँकर खरवडायचं, धुवायचं काम त्याचं. तो बादली-खराटा घेऊन आला, तर शिडी नाही. त्यानं बांबूची शिडी आणली, तर पेंटर अंगावर धावले. रंग ओला आहे, टेकवशील तर नाव फाटेल. शहादेव मॅनेजरकडं गेला. मॅनेजर म्हणाला चेअरमनना विचार. चेअरमन म्हणाले पेंटर सांगेल तेव्हा. पेंटर म्हणाले वाळल्यावर. आणि वाळायला सवड कुठली. रोज कुणीतरी येऊन कुठलीतरी वेलांटी वाढवायला सांगायचं आणि नाव पुन्हा ओलं व्हायचं. चार खेपा घालून शहादेवानं बादली ठेवून दिली. त्याला वाटलं, एवढे मोठे लोक रोज टँकरभोवती फिरताहेत, कुणीतरी धुवून घेतला असेल. हे सगळं त्यानंच मला मागून सांगितलं.

मी रोज डबा घेऊन कारखान्यावर जायची. एक दिवस मायचा निरोप आला तो असा, की झिरा आता कोपरभर खोल उकरला तरी वाटी बुडत नाही, आणि थोरल्या भावाच्या लेकीला वाळूतलं पाणी बाधलंय. मला राहवलं नाही. डबा पुढ्यात ठेवून मी पेंटरांना म्हटलं, आधी पाणी जाऊ द्या, नावं मागून काढा. पेंटर ब्रश न थांबवता म्हणाले, अर्धवट अक्षर बाहेर पाठवायला मी काय चुना मारणारा आहे का. आप्पा तिथंच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला फार मायेनं समजावलं.

"ताई, नाव न टाकता पानी गेलं तर लोकं ते सरकारचं म्हनतील. मग आमी मेलो कशाला इतकं?"

कोण किती मेलं होतं ते समोर दिसत होतं. मला त्या दिवशी नवऱ्याचा राग आला, खरा राग, आणि तो मी लपवला नाही. डबा तसाच परत घेऊन आले. संध्याकाळी पेंटर उपाशी घरी आले आणि मला सांगू लागले की 'भ' फार सुरेख बसला.

काम संपलं असं वाटलं तेव्हा आप्पांना स्वतःचं नाव खटकलं. 'धोंडीराम'मधल्या 'ड'ला काना नाही, नुसतं गोल अंग. ते वीतभराच्या सहाव्या हिश्श्यात दाबल्यावर पोटात लाथ बसल्यासारखं दिसायचं. आप्पा टँकरपुढं उभे राहून म्हणाले, माझा ड लई वाळलाय. दोन वर्षांच्या दुष्काळात आप्पांचं वाळलेलं तेवढंच. पण ड जाड करायचा तर शेजारच्याचं नाव सरकणार, आणि शेजारी काही सरकायला तयार नव्हता. पेंटरांनी शेवटी ड तसाच ठेवून त्याला आतून लाल रंग भरला. आप्पांना तो तरतरीत वाटला. बाकी सोळाजणांनी दुसऱ्या दिवशी लाल मागितला, आणि टँकर पुन्हा ओला झाला.

शेवटी एकदाचा मुहूर्त लागला. वरचं झाकण मागच्या हंगामापासून उघडंच होतं. कारखान्याच्या उंच टाकीवरून त्यात रबरी नळ सोडला आणि टँकर भरला. वर कुणी चढलं नाही, आत कुणी डोकावलं नाही. पुढं टँकर, मागं जीपगाड्या, आणि एका जीपमध्ये मी नि पेंटर. खडकवस्तीवर मांडव घातला होता. खुर्च्या, हार, थंड सरबताच्या बाटल्या, सगळं आधीच पोचलेलं. म्हाताऱ्या सकाळपासून कळशा, हंडे, डालडाचे डबे घेऊन ओळीत बसल्या होत्या. माझी माय पहिली. तिची कळशी चिंचेनं घासून लखलखीत केलेली.

भाषणं झाली. सतरा जणांचा सत्कार सतरा जणांनी केला. बीडच्या एका पेपरचा वार्ताहर फोटोसाठी आला होता. आप्पांनी नारळ फोडला, मायला पुढं बोलावलं आणि कॅमेऱ्याकडं बघत तोटी सोडली.

तोटीतून आधी फेस आला, मग चहाच्या रंगाचं पाणी. आंबूस गोडसर वास मांडवभर पसरला. आप्पा म्हणाले, गंज असेल, वाहू द्या थोडं. थोडं वाहिलं. रंग तोच. खाली सांडलेलं एका शेरडानं चाटून बघितलं आणि त्याला ते आवडलं. माझी माय सगळं आयुष्य ऊस तोडून आलेली. तिला तो वास कुणी सांगावा लागला नाही. तिनं ओंजळीत घेऊन नाकाशी नेलं आणि ओंजळ खाली सोडून दिली. मग माझ्या हातातला तांब्या घेतला, तोटीखाली भरला आणि आप्पांसमोर धरला.

"आप्पा, मान तुमचा हाय. तुमी प्या आदी."

ती रागानं बोलली नाही. आमच्याकडं मानाचं पहिलं असतंच. हार पहिला, नारळ पहिला, तसं पाणीही पहिलं. आप्पांनी तांब्याकडं बघितलं आणि आज माझा उपास आहे म्हणाले. तांब्या भगवानरावांकडं गेला. त्यांनी नुकतंच सरबत घेतलं होतं. तिसऱ्याला डॉक्टरनं थंड वर्ज्य सांगितलं होतं, चौथा हात पुसत मांडवाबाहेर गेला. माय तांब्या घेऊन ओळीनं सगळ्या खुर्च्यांपुढून फिरली. दोन महिने ज्यांना एका ओळीतलं स्वतःचं नाव सोडवत नव्हतं, त्यांच्यातल्या एकालाही तहान नव्हती. ती माझ्यासमोर आली तेव्हा मला वाटलं मी आता या सगळ्यांसमोर ओरडणार. मी तांब्या तिच्या हातातून घेऊन मातीत ओतला.

वार्ताहरानं टँकरचा फोटो काढला. मग तो नावं वाचायला लागला आणि डोळे बारीक करकरून थकला. मला म्हणाला, बाई, हे काय लिहिलंय ते तुम्हीच सांगा. मी टँकरच्या एका टोकाला उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं. प्रत्येक नाव, सतराही. तोवर संचालक जीपमध्ये बसत होते. म्हाताऱ्या ऐकत होत्या. एकीनं विचारलं, पुन्यांदा वाच. मी पुन्हा वाचलं.

ड्रायव्हर टँकर काढायला गेला तेव्हा म्हाताऱ्यांनी चारही चाकांना दगड लावले होते आणि त्या दगडांवर बसल्या होत्या. तो बिचारा पायीच डोंगर उतरला.

फोटो पेपरात पहिल्या पानावर आला. खाली मातीत पाणी, मागं उभा टँकर आणि त्यावर अक्षरं, स्वच्छ. पेंटरांनी दोन अंक विकत घेतले. मला म्हणाले, एवढ्या बारीक छपाईतसुद्धा अक्षर उठतंय बघ. मी फोटोतल्या मातीतल्या पाण्यावर बोट ठेवलं. त्यांनी अंक घडी करून ठेवून दिला आणि तेव्हापासून दोन दिवस 'ठ'सुद्धा काढला नाही तोंडातून.

त्याच दुपारी परसदारानं भगवानराव आले. बाकीची राहू देत, तेवढं माझं नाव पुसून दे, म्हणाले. पेंटर टर्पेंटाइनची बाटली शोधायला उठले, तर मी आडवी झाले. म्हटलं, टँकर वस्तीवर आहे आणि त्याच्या चाकावर माझी माय बसली आहे. तिला विचारल्याशिवाय एक काना पुसला जाणार नाही. आणि ती काय म्हणेल ते मी तुम्हाला आत्ताच सांगते, आधी पाणी, मग फडकं. भगवानरावांच्या मोसंबीच्या बागेला बोअर होता, बागेला पाणी घालायचा ट्रॅक्टरचा छोटा टँकर होता. तो आतून गोडं पाणी मारून मारून स्वच्छ झालेला. सकाळी तो खडकवस्तीवर पोचला. मायनं पाणी चाखलं, कळशी भरली, मग दुसरीला भरू दिली, आणि सगळ्यांचं झाल्यावर जावयाला म्हणाली, पुसा.

पेंटरांनी फडकं फिरवलं. पण नावं इतकी चिकटून बसवलेली, की भगवानरावांबरोबर शेजारच्याचा पहिला काना गेला. अर्धं नाव पूर्ण नावापेक्षा वाईट दिसतं. तो शेजारी संध्याकाळीच आला. मग त्याच्या शेजारचा. पाच-सहा जणांच्या बागेतलं पाणी असं वस्तीवर चढलं. आजवर मोसंबी पीत होती, आता म्हाताऱ्या प्यायला लागल्या. पेंटर रोज वस्तीवर जात, एकेक नाव पुसत आणि एवढंसं तोंड करून घरी येत. मला त्यांची दया आली नाही असं नाही. पण त्या नावांसाठी माझी भाची वाळूतलं पाणी पिऊन पडली होती, तेव्हा ती दया मी माझ्यापाशीच ठेवली.

ओळीत मोठी मोठी खिंडारं पडली तसे आप्पा हुशार झाले. एक दिवस ते जीप घेऊन थेट वस्तीवर आले, बरोबर दुसऱ्या गावचे दोन रंगारी आणि पांढऱ्या रंगाचे डबे. मी तिथंच होते. अख्खा टँकर पांढरा करून टाकायचा, म्हणजे कुणाला पाणी द्यायलाही नको आणि कुणाचं नाव उरायलाही नको. म्हाताऱ्या दगडावरून उठल्या नाहीत. मायनं रंगारी बघितले, डबे बघितले.

"मारा की पांढरा. आमाला काय त्येचं? आमी कुटं वाचतो."

मग तिनं म्हणायला सुरुवात केली. एका टोकापासून, मी वाचली होती त्याच क्रमानं, पुसलेली आणि न पुसलेली सगळी नावं. दुसऱ्या म्हाताऱ्यांनी सूर धरला. जात्यावर बसल्यासारख्या बसून त्या म्हणत होत्या, आणि पोरांनाही ते पाठ झालेलं होतं. धोंडीराम आला की पोरं मोठ्यानं म्हणायची. आप्पांच्या हातातला रुमाल तसाच कपाळावर राहिला. त्यांनी मायला विचारलं, हे कुठंवर म्हणणार.

"पोरं कोयत्यावरून आली की त्यास्नी शिकिवनार हाय. मग लग्नात, बारशात, कुटंबी. लई सोपं हाय, आप्पा, तालावर बसतंय."

रंगाऱ्यांनी डबे उघडलेच नाहीत. आप्पांनी त्यांना जीपमध्ये बसायला सांगितलं आणि जाताना आम्हा कुणाकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत एक ट्रॅक्टर आला. मागं मोठी टाकी, कोरी करकरीत, तिच्यावर एक अक्षर नाही. पाणी नितळ. मायनं ओंजळभर पिऊन बघितलं, पदरानं तोंड पुसलं आणि कळशी तोटीखाली लावली. ड्रायव्हर नवखा होता. कळशी भरेपर्यंत तो नुसता घुटमळत होता. कुणी काही विचारायच्या आतच म्हणाला, पानी कुनाचं ते सांगायचं न्हाई म्हनून सांगितलंय मला.

माय कळशी उचलून डोक्यावर घेत म्हणाली, "नगो सांगू. उद्या कवा येतूस, तेवढं सांग."